न चाखता टाकलेलं मीठ

नोकरीत असताना मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, तुमी सुई नाही देत?" आमच्या वाशीम जिल्ह्यात दवाखान्यात जाऊन सुई न टोचता परत येणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. मी सुई देत नसे. गोळ्या डॉक्टर लिहून देत. मी फक्त बोलत असे आणि त्याहून जास्त ऐकत असे. एका आजोबांनी बराच वेळ विचार करून मला विचारलं होतं, "म्हंजे सरकार तुमाले बोलाचा पगार देते?" मी हो म्हटलं. ते शेजारी बसलेल्या आजींकडे वळून म्हणाले, "पाह्य, अन् तू इतके साल फुकटच बोलून राह्यली." आजी पुढचा पाऊण तास त्यांच्याशी बोलल्या नाहीत, त्यामुळे त्या दिवशी माझं काम जरा सोपं झालं.

मी मानसिक आजारांसाठीची समुपदेशक होते. घर कारंज्याला, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या सरकारी दवाखान्यात एसटीनं जाऊन बसायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बसायला मिळालेली खोली बहुतेक ठिकाणी सामानाची असे. एका दवाखान्यात माझ्या टेबलाशेजारीच वजनकाटा होता. येणारा प्रत्येक जण न सांगता आधी त्यावर उभा राही, मला वजन सांगे आणि मग खुर्चीत बसे. सुरुवातीला मी "ते नको" म्हणत असे. नंतर लक्षात आलं की वजन सांगून झालं की माणूस थोडा मोकळा होतो, म्हणून मी ते वहीत लिहून घ्यायला लागले. त्या आकड्यांचं मी कधीच काही केलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण सायकोसिसचे असत. म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगते. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले कट दिसतात आणि ते सगळं तुमच्या-माझ्या हातातल्या चहाच्या कपाइतकं खरं वाटतं. गोळ्या नेमानं घेतल्या की बहुतेकांचं हे ओसरतं. काहींचं पूर्ण, काहींचं बरंचसं. असल्या आवाजांचे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत, पण ते इथे सांगणार नाही. ज्यांचे ते आहेत त्यांना त्यात गंमत वाटत नाही. गंमत सुरू होते ती आजार ओसरल्यावर.

कारण आजार जातो आणि जाताना एक गोष्ट मागे ठेवून जातो. माणूस स्वतःच स्वतःला येडा म्हणायला लागतो. प्रशिक्षणात याला 'आत्मकलंक' म्हणतात. तो शब्द मी तिथे ऐकला आणि तिथेच ठेवून आले, कारण तो उच्चारला की समोरचा माणूस आणखीच घाबरतो. लोकांनी येडा म्हणणं हा एक त्रास झाला. पण लोकांना इतर कामं असतात, ते दिवसातून एकदा-दोनदा म्हणतील आणि सोयाबीनच्या भावाकडे वळतील. माणूस स्वतःला मात्र सुट्टी देत नाही.

धनजच्या एका शकुंतलाबाईंचं उदाहरण देते. (नावं सगळी बदललेली आहेत.) आजारातून उठून त्यांना वर्ष झालं होतं. काहीही चुकलं की त्या म्हणायच्या, "मी येडी ना बाई, माह्या हातून असंच होन." भाकर करपली, मी येडी. दूध उतू गेलं, मी येडी. मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, "आजाराच्या आधी तुमची भाकर कधी करपली नव्हती?" त्या आठवायला लागल्या. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "तवा बी करपेच. लगन झाल्यापासून करपून राह्यली." शकुंतलाबाई चिडून उठल्या आणि आत जाऊन सासूशी अशा काही भांडल्या की मी चपला घालून निघाले. त्या दिवसापासून त्यांना जो उतार पडला त्याचं श्रेय मी माझ्या मासिक अहवालात सासूबाईंना देऊ शकले नाही, कारण तसा रकाना नव्हता.

आता पुंडलिकभाऊंचं सांगते. माझ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी चूक मी त्यांच्या बाबतीत केली, आणि ती लपवून अनुभव लिहायचे तर न लिहिलेले बरे.

पुंडलिकभाऊ आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातले. चाळिशीचे, अंगानं दणकट, पाच एकर रान, त्यात भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. त्यांच्यासोबत बायको सुमनताई आल्या होत्या. मी विचारलं, "नाव काय तुमचं?" त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांग ना."

मला वाटलं, लाजत असतील. मी विचारलं, "चहा घेणार?"

"सुमन, म्या सकाळी घेतला होता काय?"

सुमनताईंनी कपाळावर हात मारला नाही इतकंच. "मॅडम, यायच्या डोक्याचं काम बी मलेच पडून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मोटार चालू करू काय, बंद करू काय, वांगे तोडू काय, राहू देऊ काय. परवा मले इचारे, मले भूक लागली काय. आता मी काय यायच्या पोटात जाऊन पाहू?"

तीन वर्षांपूर्वी पुंडलिकभाऊंना असं वाटायला लागलं होतं की विहिरीवरची मोटार त्यांच्या मनातल्या गोष्टी शेजारच्या शेतात कळवते. त्यांनी तिचा स्टार्टर काढून विहिरीत टाकला आणि तीन दिवस विहिरीच्या काठावर राखण करत बसले. मग दवाखाना, गोळ्या, आणि सहा महिन्यांत सगळं शांत झालं. कधीमधी कानात थोडी कुजबुज होई, पण ती आजाराची आहे हे त्यांना कळत असे. डॉक्टर खूश होते. पुंडलिकभाऊ नव्हते.

"या डोक्यानं मले एकदा धोका देल्ला," ते म्हणाले. "आता याचं कायले ऐकू?"

मी माझं नेहमीचं भाषण काढलं. तेव्हा आजार होता, आता गोळ्या चालू आहेत, आता तुमचं डोकं ठीक विचार करतं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय मॅडम. पण तवा बी मले बरोबरच वाटे."

पंचवीस वर्षं बोलण्याची भाकरी खाल्ली, पण इतकं बिनतोड वाक्य माझ्यासमोर फार कमी वेळा आलं.

या कामात वाद घालून जिंकता येत नाही, एवढं मात्र मला माहीत होतं. रस्ता दुसरा असतो. वहीत मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं, मला काय वाटतं. उजवीकडे, त्याला पुरावा काय. आणि पुरावा माझ्या तोंडून ऐकायचा नाही, स्वतः बाहेर जाऊन आणायचा. पुंडलिकभाऊंनी डावीकडे पहिलं वाक्य लिहिलं: 'चहाच्या टपरीवर गेलो तर सगळे माह्याकडे येडा म्हणून पाहतात.' मी म्हटलं, जा, अर्धा तास उभे राहा आणि किती जण पाहतात ते मोजून आणा.

पुढच्या वेळी ते चेहरा पाडून आले. "चौदा."

"टपरीवर एकूण किती होते?"

"चौदा."

मी गडबडले. मग सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, हे एकेकाच्या समोर जाऊन उभे राहेत, अन् तो पाह्यत नाही तोवर हालतच नव्हते. चौदा लोकं झाल्यावर घरी आले." मी पुंडलिकभाऊंना विचारलं की असं समोर येऊन मी उभी राहिले असते तर तुम्ही पाहिलं असतं की नाही. ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदाच. दुसऱ्यांदा ते टपरीच्या कोपऱ्यात बसूनच मोजत राहिले, तेव्हा आकडा दोनवर आला. त्यातला एक उधळलेल्या गोऱ्ह्याकडे पाहत होता, असं नंतर निष्पन्न झालं.

अशी चार-पाच महिने गाडी हळूहळू पुढे गेली. मोटार ते आपल्या मनानं चालू करायला लागले. भूक लागल्याचं त्यांना स्वतःला कळायला लागलं. आणि एक दिवस बोलता बोलता भंडाऱ्याचा विषय निघाला.

त्यांच्या गावात दर हिवाळ्यात मारुतीचा भंडारा होतो. अख्खं गाव जेवायला असतं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजी एका भल्यामोठ्या कढईत शिजते, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत ती कोणी चाखायची नाही. बोट लावायचं नाही. म्हणजे एवढ्या भाजीचं मीठ निव्वळ अंदाजानं टाकायचं. आजारी पडण्याआधी सलग अकरा वर्षं ते मीठ पुंडलिकभाऊंनी टाकलं होतं.

हे सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांनी मला दाखवलं. मी विचारलं, "पण न चाखता कळतं कसं?"

"रस्सा सांगते ना."

माझं पेन थांबलं. धंद्याची सवय. "म्हणजे... आवाज येतो?"

ते इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतली सिस्टर डोकावून गेली. "नाही वो मॅडम, हे त्यातलं नाही. उकयीवरून समजते. कमी मिठाची उकयी पातय राह्यते." (उकयी म्हणजे उकळी.)

मग ते पुन्हा मागे टेकले. गेली तीन वर्षं त्यांना मिठासाठी कोणी बोलावलं नव्हतं. वहीत डावीकडे त्यांनी लिहिलं, 'येड्याच्या हातचं कोण खाईन.' उजवीकडे लिहिलं, 'बोलावलं नाही.'

"कोणी तसं म्हणालं का तुम्हाला?"

"म्हणाले कायले पायजे?"

मी म्हटलं, विचारून या. भंडाऱ्याचं सगळं उत्तमराव नावाचे गृहस्थ पाहत. विचारायला पुंडलिकभाऊंना तीन आठवडे लागले. आले ते गोंधळलेल्या चेहऱ्यानं. उत्तमराव त्यांना म्हणाले होते, "आमी म्हटलं, तुले तरास कायले द्या. आता आमी तिघं मिळून मीठ टाकतो. एक म्हणते टाक, दुसरा म्हणते थांब, तिसरा मोजते. तीन साल झाले, भाजी कुत्रं खाईना. तू येशीन तर सुटलो आमी."

म्हणजे गाव वाट पाहत होतं आणि हे घरात बसून होते. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी एसटीत शेजारच्या अनोळखी बाईंना अर्धी गोष्ट सांगितली. पुंडलिकभाऊंना मात्र घाम फुटला होता. ते म्हणाले, "मॅडम, भाजी बिघडली त समजून जा. मंग मी पक्का येडा. मंग तुमी मले बोलावजा नका." थट्टेत म्हणाले नव्हते. त्यांनी सगळं त्या एका कढईवर लावलं होतं, आणि त्यांना त्यावर लावायला मीच भाग पाडलं होतं.

तिथे माझी हिंमत खचली. भंडाऱ्याच्या चार दिवस आधी मी त्यांना न सांगता त्यांच्या गावी गेले. उत्तमरावांना आणि पारावर बसलेल्या आठ-दहा जणांना गोळा केलं आणि मनापासून विनंती केली की या वर्षी भाजी कशीही झाली तरी पुंडलिकभाऊंना कोणी काही बोलू नका. त्यांचं मन नाजूक झालेलं आहे. चांगली झाली म्हणा, बस. लोक फार चांगले. सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्तमराव म्हणाले, "तुमी चिंता करू नका मॅडम, घरोघरी निरोप देतो." आणि त्यांनी खरंच दिला.

भंडाऱ्याला मीही गेले. मंदिरामागे कढई चढली होती, रोडग्यांचा धूर सगळीकडे पसरला होता. पुंडलिकभाऊ धुतलेलं पांढरं धोतर नेसून कढईपाशी उभे होते. बाजूला खडेमिठाची परात. सुमनताई बायकांत रोडग्यांची राख झाडत बसल्या होत्या. पुंडलिकभाऊंनी तिकडे पाहून विचारलं, "टाकू काय?"

"मले काय इचारता? मी कोन्त्या साली टाकलं होतं?" सुमनताई मान वर न करता म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली.

मग पुंडलिकभाऊंनी मीठ टाकलं. ओंजळी मोजत, कढईभोवती फिरत, झरझर. उलथनं फिरवलं, उकळीकडे पाहिलं, मान हलवली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि आरतीला गेले. पाच मिनिटांसाठी मी तिथे नव्हते, आणि जे व्हायचं ते त्या पाच मिनिटांत झालं.

नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. मी बायकांच्या रांगेत होते. रोडगा चुरला, त्यावर भाजी घेतली, पहिला घास तोंडात टाकला आणि माझे डोळे मिटले. खारट म्हणजे किती खारट असावी. जिभेला चटका बसल्यासारखं झालं. मी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. अख्खी पंगत खाली मान घालून जेवत होती. कोणी चकार शब्द काढत नव्हतं. पाण्याचे जग मात्र हातोहात पळत होते. माझ्यासमोरच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या म्हणत होत्या, "भारी झाली वो भाजी." तिकडून उत्तमराव म्हणाले, "पुंडलिक, नंबर एक." दुसऱ्याला ठसका लागला, तरी तोही ठसक्यातून "नंबर एक" म्हणाला.

पुंडलिकभाऊंनी द्रोणात थोडी भाजी घेतली, चाखली. मग पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, एकेका ताटाकडे पाहत. ज्याच्याकडे पाहत तो म्हणे, भारी. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"मॅडम, पुरावा भेटला," ते म्हणाले. "मीठ माह्याकडे नव्हतं तवा एका साली माह्या हातून तिखट जास्त पडलं होतं. याच लोकायनं मले पायरीवर उभं करून शिव्या देल्ल्या होत्या. हे उत्तमराव त कढईत ढकलाले निंगाले होते. आज कोणी शिवी बी देऊन नाही राह्यलं. येड्याले कोण शिवी देते?"

तीन वर्षांत ज्या गोष्टीला पुरावा नव्हता तो मी स्वतः एसटीनं येऊन घरोघरी वाटला होता. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. तशी माझी जीभ चपळ आहे. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते जमलं नाही.

"पुंडलिकभाऊ," मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं यांना. काही बोलू नका म्हणून."

"कायले?"

"भीती वाटली मला. तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं."

आणि मग माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबानं मला कधी झापलं नाही असं त्यांनी मला झापलं, अख्ख्या पंगतीसमोर. "तुमी मले वही देल्ली, पेन देल्ला, सांगतलं पुरावा आण, पुरावा आण. अन् तुमीच पाठीमागून येऊन पुरावा खराब केला. मंग मोजाले कायले पाठवता लोकायले? तुमालेच माह्या डोक्याचा भरवसा नाही, त मले कुठून येईन?" मी ताटावर मान खाली घालून ऐकत होते. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. आणि मला एवढंच आठवत होतं की किती घरांतून मी हेच सांगून आले होते: काही बोलू नका, दुखवू नका, सांभाळून घ्या. किती जणांना मी असं शिव्यांवाचून ठेवलं असेल, देव जाणे. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

ते पंगतीकडे वळले. "खरं सांगा बाप्पा. भाजी खारट हाय का नाही?"

सगळे उत्तमरावांकडे पाहायला लागले. उत्तमराव माझ्याकडे. मी मान हलवली, बोला म्हणून.

सगळ्यांत आधी सुमनताई बोलल्या. रोडग्यांची टोपली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खारट? जिभीची सालटं निंगाली. बैलाले घातली त बैल मरन."

मग बांध फुटला. उत्तमराव उठून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्या घासापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. डोळ्यांत पाणी आलेल्या म्हाताऱ्या बाईंनी पुंडलिकभाऊंच्या वडिलांपासून सुरुवात केली. कोणी म्हणालं, गेल्या बाजारात तू मले किडके वांगे देल्ले. कोणी म्हणालं, बांधावरचं झाड कधी तोडतं. ज्यांचा भाजीशी काही संबंध नव्हता असे सगळे हिशेब त्या पंगतीत निघाले. पुंडलिकभाऊ प्रत्येकाला उलट उत्तर देत होते. किडक्या वांग्यावर ते म्हणाले, "तू निवडून घेतले होते, डोये कुठं होते तुहे?" उत्तमरावांना म्हणाले, "तुमी तिघं तीन साल अळणी चारून राह्यले, तवा काहून नाही बोलले?"

आवाज खाली आला तसे ते कढईकडे गेले. दुसरी पंगत अजून बसायची होती. त्यांनी भराभर हुकूम सोडले. दोन जणांना वांगी आणायला पिटाळलं, बायकांना बटाटे उकडायला सांगितलं, तूरडाळीचं आधण ठेवायला लावलं. आता नैवेद्य झाला होता, चाखायला मोकळीक होती, त्यामुळे गावातला प्रत्येक जण येऊन चाखून सल्ला देऊन जात होता. तीस-चाळीस चाखणाऱ्यांत अर्धी भाजी संपली असावी. उरलेली बरी झाली. मी दुसऱ्या पंगतीला पुन्हा बसले, प्रायश्चित्त म्हणून.

पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुमाले जास्त बोललो."

"कमीच बोललात," मी म्हटलं. "पण एवढी खारट झाली कशी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पह्यले टाकलं ते बरोबर होतं. उकयी बरोबर होती, म्या पाह्यली. तुमी आरतीले गेल्या, अन् मले वाटलं, या डोक्याचा काय भरवसा. टाकलं का नाही टाकलं? म्हणून अजून एक खेप टाकलं."

त्यांनी वही स्वतःच ओढून घेतली, उजवीकडे लिहिलं, 'पहिलं बरोबर होतं,' आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

मग गावाची बैठक झाली होती, ते सांगायला लागले. पुढच्या वर्षीचं मीठ कोणाकडे, यावर. पुंडलिकभाऊंनी तिथे उभं राहून बाजू मांडली होती की पहिल्या खेपेचं मीठ बरोबर होतं, म्हणजे अंदाज शाबूत आहे, म्हणजे मीठ त्यांच्याकडेच राहायला पाहिजे. उत्तमराव म्हणाले, दुसरी खेप बी तुह्याच हातानं टाकली ना? यावर बैठक पुंडलिकभाऊंच्या विरोधात गेली. त्या गावची रीत अशी की ज्याची भाजी बिघडली त्यानं पुढच्या भंडाऱ्याला वांगी चिरायला बसायचं. यांनीही बसायचं ठरलं.

"वाईट वाटलं का?" मी जपून विचारलं.

"वाईट कायचं?" ते तडकले. "अन्याव हाय हा सरासर. त्या उत्तमरावाले मीठ काय समजते? तीन साल अळणी चारली, त्याले कोणी वांगे चिराले बसवलं काय?" मी म्हटलं, ते खरं असलं तरी भाजी खारट होती. यावर ते माझ्यावरही घसरले. कारंज्याच्या लोकांना वांग्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग उत्तमराव झाले, ते मोजणारे झाले, बांधावरच्या झाडावरून बोलणारा झाला, बैलाचं उदाहरण देणाऱ्या सुमनताईही झाल्या, आणि त्या शेजारीच बसून उलट उत्तर देत होत्या. बाहेर नंबर लागलेली माणसं दारातून डोकावत होती. मी कोणालाही थांबवलं नाही. अर्धा तास त्यांनी गावातल्या एकेकाला नावं ठेवली, आणि त्या अर्ध्या तासात स्वतःला एकही ठेवलं नाही.